पहिल्या हॅलोतला माणूस

आमच्या शेजारच्या कुंडलिकनानांना फोनवर फक्त हॅलो ऐकायचं असतं. पुढचं बोलणं ऐकायची त्यांना गरज वाटत नाही. घरात फोन वाजला की तो कुणाचाही असो, नाना हातातली कपबशी खाली ठेवतात, फोन उचलतात, कानाला लावतात आणि डोळे मिटून पलीकडचं हॅलो ऐकतात. मग ज्याचा असेल त्याच्या हातात देतात. "घे, बोल पुढचं. सर्दी झाली त्याला, आन कायतरी मागाया फोन केलाय." आणि खरोखर पलीकडचा माणूस नाक ओढत विचारतो, की उद्याच्या दिवस तुमची मोटरसायकल मिळेल का.

मुलानं, सतीशनं, वैतागून फोनला कुलूप घातलं होतं, नंबरचं. पण वाजणारा फोन उचलायला कुलूप उघडावं लागत नाही, हे नानांना लवकरच कळलं. तेव्हापासून त्या घरात सगळ्यांचे फोन पदराखाली, उशीखाली नाहीतर गव्हाच्या कोठीत असतात.

मी जालन्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. नानांच्या आणि आमच्या घरामध्ये कमरेएवढी भिंत आहे, आणि त्या भिंतीवरून ते मला गेली कित्येक वर्षं हॅलो म्हणायला शिकवताहेत. "तुहं हॅलो म्हंजे चौकशीच्या खिडकीवानी है," असं ते मला म्हणाले, तेही माझ्या सासूबाईंच्या देखत. सासूबाईंना ते इतकं पटलं की त्यांनी नानांना त्याच दिवशी कैरीचं लोणचं दिलं.

"नाकातून न्हाई म्हणायचं, मास्तरीनबाई. पोटातून म्हणायचं. समोरच्याला वाटलं पाह्यजे, याच्या घरी आपला पाट मांडून ठेवलाय."

मग ते उभे राहून, उपरणं सावरून, रिकामी मूठ कानाला लावून म्हणून दाखवतात, "हॅऽलो." खरं सांगते, ते ऐकून आपल्याला आत जाऊन बसावंसं वाटतं.

नाना मूळचे केदारखेड्याचे. शेती होतीच, पण गावातला पहिला एस.टी.डी.चा फोन नानांकडे आला आणि नानांचं नांगरावरचं लक्ष उडालं. काचेची खोली, पिवळा बोर्ड, आत एक स्टूल. ज्यांच्या नावाचा फोन येई त्यांना बोलावून आणावं लागे, म्हणून नानांनी एक पद्धत पाडली होती. पलीकडच्याला सांगायचं, "जरा येळानं परत लावा," आणि मारुतीच्या देवळात जाऊन भोंग्यावरून पुकारायचं, "अमक्याच्या सासऱ्याचा फोन आहे, असतील तसं यावं." लोक असतील तसे येत. कुणी अर्धी दाढी केलेली, कुणाच्या हाताला शेण, कुणी भाकरीचा तुकडा हातात घेऊन. काचेच्या खोलीत शिरून, धापा टाकत, बेंबीच्या देठापासून घसा ताणून ते जे काही म्हणत, ते सगळं नानांच्या कानात जाऊन बसलेलं आहे.

म्हणून नानांना हॅलोच्या जाती माहीत. आपण म्हणतो एकच शब्द, पण नानांच्या मते एका तालुक्यात तो सारखा म्हणणारी दोन माणसं सापडायची नाहीत. मोटार चालू असताना विहिरीच्या काठावरून म्हणतात ते "हालो". नवीन निवडून आलेला मेंबर म्हणतो ते "हॅल्लोऽ", त्यात एक ल जास्तीचा असतो आणि तो पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकतो. पुण्याकडच्या सुना "हॅलोव" म्हणतात, शेवटी ओठ जपून मिटून, जणू लिपस्टिक पुसली जाईल. कवळी बसवलेल्या माणसाचा ह गळतो. आणि ज्याच्यावर काही संकट आहे, तो हॅलो म्हणतच नाही, तो विचारतो. "हलो?" असं.

"पहिल्या हॅलोत माणूस बराबर सापडतो," हे नानांचं ठरलेलं वाक्य. "दुसऱ्या हॅलोत तो सावरून बसतो. मंग काय उपेग न्हाई."

काकू, म्हणजे नानांच्या पत्नी कौशल्याकाकू, या शास्त्राला भीक घालत नाहीत. त्या फोन उचलतात आणि गप्प उभ्या राहतात. ज्यानं केलाय त्यानं बोलावं, असा त्यांचा रोखठोक हिशेब. नाना कपाळाला हात लावतात. "इतक्या वर्षांत हिचं एक हॅलो ऐकलं न्हाई म्या. हिच्या मनात काय है, मला अजून पत्ता न्हाई." काकू आतून म्हणतात, "तेच बरंय."

पण हसण्यावारी नेण्यासारखं हे सगळंच नाही. काकूंनीच मला एकदा सांगितलं, की गावात असताना पलीकडच्या एका विशिष्ट हॅलोनंतर नाना भोंग्यावर जात नसत. स्वतः चालत जात, आणि ज्याच्या नावाचा फोन त्याच्यासोबत त्याच्या घरचा दुसरा एखादा माणूसही बोलावून आणत. दुसरा कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणत, "असू दे, धरायला."

आता नाना जालन्यात मुलाकडे असतात आणि हाताशी काचेची खोली नसल्यामुळे आमच्या गल्लीचे फोन ऐकतात. त्यांचा आमच्यावर एक मोठा उपकार आहे. एकदा माझ्या फोनवर एकजण बँकेतून बोलतोय म्हणाला, कार्ड बंद होणार म्हणाला, घाई करा म्हणाला. मी घाबरून कार्ड शोधायला लागले. नानांनी भिंतीवरून हात लांबवून फोन घेतला, म्हणाले, "पुन्यांदा हॅलो म्हण." तो म्हणाला. नाना शांतपणे म्हणाले, "तू बँकेतला न्हाईस, लेकरा. बँकेतला माणूस येवढ्या गोडीनं हॅलो म्हणतच न्हाई." आणि फोन ठेवून दिला.

मीही एकदा त्यांची जिरवायची म्हणून जाडजूड शब्दकोश भिंतीवर आणून ठेवला. त्यांना दाखवलं, की इंग्रजीतच या शब्दाचे दोन-तीन उच्चार आहेत. हेलो म्हणा, हलो म्हणा, हॅलो म्हणा, सगळं चालतं. त्यामुळे तुमचं एकच बरोबर आणि बाकीच्यांचं चूक, हे काही खरं नाही.

नाना हसले. "म्हंजे ज्यांचा शब्द, त्यांचंच अजून ठरंना! आन तू पोरांचे मार्क कापून राह्यली."

मग थोडा वेळ ते त्या पानाकडे नुसतंच पाहत राहिले. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. म्हणाले, "हालू चालतं का त्येच्यात? हालूऽऽ, असं लांबवून?"

मी शोधल्यासारखं केलं आणि म्हणाले, नाही बाई, हालू काही दिसत नाही.

"मंग पुस्तक कच्चं है," नाना म्हणाले, आणि आत निघून गेले. त्या दिवशी ते पुन्हा बाहेर आले नाहीत, याचं मला नवल वाटलं होतं.

त्यांची आणखी एक सवय होती. अधूनमधून, साधारण बाजाराच्या दिवशी, काकू भाजीला गेल्या की नाना भिंतीशी येत आणि माझा फोन मागत. त्यांचा स्वतःचा फोन खिशात असे, तरी माझा मागत. एक नंबर त्यांना तोंडपाठ होता. तो लावत, कानाला धरत, ऐकत आणि एक शब्द न बोलता बंद करून परत देत. "लागला न्हाई," असं म्हणत. लागलेला असे. इतक्या जवळून मला दिसत असे की लागलाय. पण त्यानंतर त्यांचा चेहरा असा निवांत होई, की मी कधी विचारलं नाही. शेवटी काकूंना विचारलं.

"आसाराम भावजींना लावत असतीन," काकू म्हणाल्या, आणि भिंतीपलीकडे वाल निवडत त्यांनी सगळं सांगितलं.

आसाराम हा नानांचा धाकटा भाऊ. दोघं एका ताटात जेवायचे, असा जिव्हाळा. एस.टी.डी.ची खोली झाडायला, बिल फाडायला आसारामच असे. फक्त त्याचं हॅलो म्हणजे शेताच्या या बांधावरून त्या बांधावर मारलेली हाक. "हालूऽऽऽ!" काच थरथरायची म्हणे. नाना बिचारे शिकवून शिकवून थकले.

नानांच्या सुनीताला अंबडचं एक स्थळ आलं होतं. मुलाचे वडील मोठे मुख्याध्यापक, शिस्तीचे. पसंती फोनवर कळवणार होते. नाना दोन दिवस फोनजवळून हलले नाहीत. नेमका तेवढ्यात दुसऱ्या कुणाच्या तरी नावाचा फोन आला आणि पुकारायला नाना देवळाकडे गेले. इकडे खोलीत आसाराम. जाफराबादला त्याचा एक दोस्त होता, तो रोज दुपारी फोन करून घोगऱ्या आवाजात कधी कलेक्टर व्हायचा, कधी फौजदार. फोन वाजला. पलीकडून भारदस्त आवाज आला, "मी मुख्याध्यापक बोलतोय." आसाराम खूश झाला. "हालूऽऽऽ! आज मास्तर झाला का रे बोकडा?"

पसंती आली नाही. आला तो निरोप, की मुलीच्या घरी बोलायची रीत नाही.

नाना भर ओट्यावर, चार लोकांत आसारामला म्हणाले, "तुह्या हालूनं माह्या पोरीचं वाटोळं केलं. आजपासून फोनला हात लावायचा न्हाई." आसारामही त्याच आईचा. "हात काय, तोंड बी लावत न्हाई," म्हणाला. त्याच्या सासऱ्याचं घनसावंगीकडे उसाचं रान होतं, बघायला कुणी नव्हतं. तो बायकोमुलांना घेऊन तिकडे गेला तो गेलाच.

"आन पोरीचं वाटोळं कुठं झालं?" काकू म्हणाल्या. "जाफराबादला सोन्यावानी घर भेटलं तिला. अंबडच्या त्या मास्तराच्या सुनेनं दोनदा माहेर गाठलं म्हणतेत. हालूनं वाचवलं म्हणायचं तिला. ह्यायला बी ठाऊक है सगळं. पण बोलायचं कोनं?"

सुनीताच्या लग्नाला आसाराम आला होता. मांडवात पंगतीला भात वाढत होता. नानांच्या पानापाशी आला की घमेलं दुसऱ्याच्या हातात द्यायचा. त्यानंतर वीसेक वर्षं कार्यापुरती भेट, तीही एकमेकांकडे पाठ करून.

हे कळल्यावर मी नानांना सरळ विचारलं. मला आडपडदा जमत नाही. "फोन लावता, मग बोलत का नाही?"

नाना पकडले गेल्यासारखे हसले. "त्यानं फोन करायचा न्हाई, हे मीच बोल्लो ना. म्हंजे मलाच करावा लागन. माह्या फोनवरून केला तर नाव दिसन त्याला. म्हणून तुहा."

"मग बोला की!"

"काय बोलू? वीस वर्षाचं कुठून सुरू करू? हालूऽऽ म्हणला की मला कळतं. दमा न्हाई, ताप न्हाई, दाताचं दुखणं न्हाई, घरात भांडण न्हाई. ऊस चांगला है. बास." मग म्हणाले, "मला त्याची लई आठवण येती, बाई." इतकं उघड त्यांनी काही बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मी फोन त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी नको म्हटलं. आज ऐकून झालंय, म्हणाले.

आणि मग गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ते घडलं.

सकाळची वेळ. मी भिंतीवर चकल्या वाळत, म्हणजे निवत ठेवल्या होत्या. काकू बाजारात. नाना आले, फोन घेतला, नंबर लावला. डोळे मिटले. आणि एकदम उघडले. फोन बंद करून ते मटकन ओट्यावर बसले.

"काय झालं, नाना?"

"आसाराम हॅलो म्हणला."

"बरं मग?"

"अगं, हॅलो म्हणला! बराबर! पोटातून! मी शिकवत व्हतो तसं!" त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "त्याच्यात जोर राह्यला न्हाई, बाई. हालू म्हणायला छाती लागती. छातीतच काय तरी झालंय. दवाखान्यात असन तो. आवाज बारीक काढून राह्यला, जवळ कोन तरी झोपलेलं असल्यावानी." ते उठले, चपला शोधू लागले. "घनसावंगीची गाडी किती वाजता है? न्हाईतर जीपनं जातो. सतीशला सांगू नको."

मी म्हणाले, "नाना, जीपनं जायच्या आधी परत फोन लावू आणि विचारू."

"दुसऱ्या हॅलोत माणूस सावरून बसतो! दुसऱ्याचा काय उपेग?"

"उपयोग हा, की तुम्ही बोलायचं आहे. ऐकायचं नाही." वर्गात वापरते तो आवाज मी वापरला. त्याचा नानांवर परिणाम झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. ते एक चप्पल घालून तसेच उभे राहिले. मी नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन दोघांच्या मधे भिंतीवर ठेवला, चकल्यांच्या ताटाशेजारी.

पलीकडून लगेच उचलला गेला. जणू कुणी हातात धरूनच बसलं होतं.

"हॅऽलो." खरंच, अगदी नानांसारखं. पण पाटीवर बाराखडी गिरवताना पोर जसं जपून बोट फिरवतं, तसं.

 मी नानांकडे बघून डोळे वटारले. वीस वर्षांनंतरचं त्यांचं पहिलं वाक्य बाहेर पडलं ते असं, "काय झालंय तुला?"

पलीकडे लांब कुठे तरी म्हैस ओरडली.

"काय न्हाई झालं, दादा," पलीकडचा आवाज म्हणाला. "बराबर आलं का?"

"काय?"

"हॅलो. नातीकून शिकून घेतलं. दिवसभर गोठ्यात म्हणून राह्यलो, म्हस बी वळून पाहाया लागली." मग तो म्हणाला, "तू फोन लावतो आन माहं हालू ऐकलं की ठिवून देतो. लई वर्ष झाली. म्हणलं दादाला अजून बी माहं हॅलो पसंत न्हाई. बराबर आलं तर बोलन."

नानांनी भिंतीला हात टेकला.

"तुला कसं कळलं, मीच है म्हणून?"

"फोन करून मुकं बसनारं दुसरं कोन है माहं?"

मी चकल्यांकडे बघायला लागले. दुसरीकडे कुठे बघावं ते मला सुचेना. इतकी वर्षं एक भाऊ हॅलो ऐकून खुशाली समजत होता आणि दुसरा त्याच हॅलोत नापास होत होता. माणूस पहिल्या हॅलोत सापडतो म्हणणाऱ्या नानांना एवढं एक सापडलं नव्हतं.

"आसाराम," नाना म्हणाले. आवाज पोटातून येत नव्हता, नाकातून येत होता. "बराबर न्हाई आलं. बिलकुल चुकलं."

"चुकलं?"

"जीव घेत व्हता माहा. तुहं ते जुनं म्हण."

"आता?"

"आता."

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. दम भरल्याचा आवाज आला. आणि मग माझ्या त्या बिचाऱ्या फोनमधून, चकल्यांचं ताट हादरवत, घनसावंगीपासून जालन्यापर्यंतचे सगळे बांध ओलांडून आवाज आला, "हालूऽऽऽऽ!"

गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. बाजारातून येणाऱ्या काकू कोपऱ्यावरच थबकल्या, पिशवी खाली ठेवली आणि पदर डोळ्याला लावून हसत सुटल्या. नाना डोळे मिटून ऐकत होते. दमा नाही, ताप नाही.

मी सवयीनं हात पुढे केला. हॅलो झालं, की फोन दुसऱ्याला द्यायचा, हा नानांचा कायदा. नानांनी माझ्या हाताकडे पाहिलं, भिंतीवरचा फोन उचलला आणि माझ्याकडे पाठ करून ओट्यावर जाऊन बसले.

"हां," ते म्हणाले, "आता बोल. ऊस कसा है?"